आपल्या वजनाची जागा

आमच्याकडं वजन या शब्दाला फार वजन आहे. बारामतीत एखाद्याचं काम पटकन झालं की लोक म्हणतात, त्याचं वर वजन आहे. अडलं की म्हणतात, वजन टाकणारं कुणी नव्हतं. तिथून इंदापूरच्या रस्त्याला लागलात, काटेवाडी, भवानीनगर, सणसर, बेलवाडी करत पुढं आलात, की या शब्दाचा अर्थ बदलतो. तिथं वजन म्हणजे ऊस. दिवाळी सरली की घराघरात एकच विषय. एकरी टनेज किती पडलं, ट्रॉली काट्यावर किती भरली, बाहेरच्या काट्यावर किती होती. तुटलेला ऊस फडात दोन दिवस पडून राहिला तर तो वाळतो, हलका होतो आणि तेवढे पैसे जातात. पाणी उडालं की वजन जातं, हे मला शाळेतल्या विज्ञानाच्या आधी पप्पांच्या चिडचिडीतून कळलं.

पुढं मी बॉक्सिंग खेळायला लागले आणि हाच नियम माझ्या अंगावर आला. फरक एवढाच की उसाचं पाणी उडालं तर नुकसान, आणि माझं उडालं तर सर खूश.

मला कुणी विचारलं, किती किलोची आहेस, तर मी उलट विचारते, खरं सांगू का गटाचं? या दोन आकड्यांत माझ्या बाबतीत कधी तीन किलोचं, कधी सहा किलोचं अंतर राहिलंय. खेळणाऱ्या मुलींना हा प्रश्न लगेच कळतो. बाकीच्यांना समजावून सांगावा लागतो.

तर समजावते. आपल्याकडच्या हौशी बॉक्सिंगमध्ये, म्हणजे ज्यातून पुढं एशियाड, ऑलिम्पिकला जातात त्या बॉक्सिंगमध्ये, मी आले तेव्हा मुलींचे बारा गट होते. ४८, ५०, ५२, ५४, ५७, ६० असं करत ८१ आणि ८१ च्या वर. स्पर्धेच्या सकाळी काट्यावर उभं राहायचं. ४८ चा गट असेल तर ४८.०० चालतं, ४८.१ नाही. आणि एकदा वजन दिलं की सुटलात असंही नाही. ज्या दिवशी बाऊट असेल त्या प्रत्येक सकाळी पुन्हा काटा. चार दिवस जिंकत गेलात तर चार दिवस उपाशी उठायचं.

हे सगळं शरीराच्या न्यायासाठी आहे. पंधरा किलोनं जड माणसाचा ठोसा हलक्या माणसाच्या डोक्याला बसू नये म्हणून गट केलेत. पण खेळायला लागल्यावर मला दिसलं की कुणी कोणत्या गटात खेळायचं, हे शरीर फार क्वचित ठरवतं. बहुतेक वेळा ते रिकामी जागा ठरवते.

* * *

मी बारामतीच्या एका कॉलेजात अकरावीला आले. रोज निमगाव केतकीकडून सकाळची एसटी, संध्याकाळी परत. कॉलेजच्या मागच्या शेडमध्ये दोन बॅगा टांगलेल्या होत्या आणि एक सर होते. पहिल्या दिवशी त्यांनी मला ग्लोव्हज दिले नाहीत, काट्यावर उभं केलं. ५१ किलो. त्यांनी वहीत बघितलं आणि म्हणाले, "बावन्नला मुलगी आहे. पन्नासलाही आहे. अठ्ठेचाळीस रिकामा आहे. करशील का?"

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत एका कॉलेजची एका गटात एकच मुलगी उतरते. त्यामुळं सरांचा प्रश्न बरोबर होता. मी हो म्हणाले. मला तेव्हा जॅब आणि हुक यातला फरक माहीत नव्हता, पण मी ४८ ची झाले होते.

तीन किलो तेव्हा सोपे गेले. चहातली साखर बंद, वडापाव बंद, नीरा डाव्या कालव्याच्या कडेनं पहाटे पळणं. सतराव्या वर्षी शरीर ऐकतं. पण ते वाढतही असतं. एकोणिसाव्या वर्षी माझं खरं वजन ५४ झालं होतं आणि गट तोच होता, ४८. कारण मला तिथं पदक मिळालं होतं. सरांच्या वहीत माझ्या नावापुढं ४८ असं पेनानं लिहिलेलं होतं, बाकीच्यांचं पेन्सिलनं.

आता तुम्हाला वाटेल, आमच्यासारख्या तालुक्याच्या पोरींचं असं होत असेल, मोठ्या खेळाडूंना सगळं शास्त्रशुद्ध असेल. मग मेरी कोमकडे बघा. तिची पहिली पाच जागतिक सुवर्णपदकं ४५ ते ४८ किलोच्या पट्ट्यातली. २०१२ ला लंडनमध्ये महिला बॉक्सिंग पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आलं, तेही तीनच गट घेऊन: ५१, ६० आणि ७५. मेरी कोमच्या वजनाला ऑलिम्पिकमध्ये दारच नव्हतं. ती ५१ मध्ये गेली, आपल्याहून अंगानं मोठ्या मुलींशी खेळली आणि ब्राँझ घेऊन आली. २०१८ ला दिल्लीत ती पुन्हा ४८ मध्ये उतरली आणि सहावं जागतिक सुवर्ण जिंकलं.

निखत झरीननं मे २०२२ मध्ये इस्तंबूलला ५२ किलोत जागतिक सुवर्ण जिंकलं. पॅरिस ऑलिम्पिकच्या यादीत ५२ नव्हता, ५० होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुलमध्ये ती ५० किलोत खेळली आणि जिंकली. २०२३ ला दिल्लीत पुन्हा जगज्जेती, ५० मध्येच. लवलीना बोरगोहेनला टोकियोत ६९ किलोत ब्राँझ मिळालं होतं. पॅरिसला ६९ काढून टाकला. तिच्यापुढं ६६ आणि ७५ असे दोन रस्ते होते. ती वर गेली, ७५ ला, आणि २०२३ मध्ये तिथं जगज्जेती झाली.

एक खाली गेली, एक वर गेली. दोघींचंही कौतुक झालं ते योग्यच. पण बातम्यांत "धाडसी निर्णय" असं वाचलं की मला वाटतं, बसमधली तुमची सीट कुणीतरी काढून नेली आणि तुम्ही दांड्याला धरून उभे राहिलात, तर त्याला धाडस म्हणायचं की प्रवास करायचाच होता असं म्हणायचं?

* * *

सहा किलो कसे जातात ते मी मुद्दाम थोडक्यात सांगणार आहे, कारण हे वाचून कुणी करून बघावं असं मला वाटत नाही. पहिले दोन-तीन किलो महिन्याभरात जेवणातून जातात. उरलेलं बहुतेक पाणी असतं. आपल्या स्नायूंत जी साखर साठलेली असते, तिच्या एका ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. भात-भाकरी बंद केली की ती साखर संपते आणि पाणीही सुटतं. मग मीठ बंद. शेवटच्या दिवशी पाणी बंद. आणि तरीही काटा दोनशे ग्रॅम जास्त दाखवत असला की अंगात दोन स्वेटर, वरून रेनकोट घालून लॉजच्या जिन्यावर पळायचं. मार्चमध्ये.

त्या रात्री झोप लागत नाही. जीभ टाळूला चिकटते. तुम्हाला वाटतं भूक लागेल, पण भूक मेलेली असते, फक्त पाण्याची स्वप्नं पडतात. आमच्या विहिरीवरची मोटर चालू केल्यावर पाइपातून पहिलं पाणी येतं ना, फस्स करून, हवा घेऊन, ते मला दिसायचं.

अमेरिकेत १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, साधारण महिन्याभरात, तीन कॉलेजमधले पैलवान असं वजन उतरवताना मेले. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत रबरी सूट आणि वाफेच्या खोल्यांवर बंदी आली, वजन मॅचच्या जवळ घ्यायला लागले. मला हे बऱ्याच उशिरा, मोबाइलवर वाचताना कळलं. आमच्याकडं रेनकोट हा सरावाच्या सामानाचाच भाग समजतात.

आईला आकडे कळायचे नाहीत, ताट कळायचं. माझ्या ताटात भाकरीचा चतकोर बघून ती काही बोलायची नाही, फक्त भांडी आपटायची. एकदा म्हणाली, "रानात बाया राबत्यात, त्यांना पोटभर खाऊ घालती मी. अन माझी पोरगी मारामारी करती ती उपाशीपोटी." मी म्हणाले, आई, मारामारी नाही, खेळ आहे. ती म्हणाली, "मग तर आणिकच खायला पायजे."

त्या वर्षी माझी पाळी बंद झाली. पहिले दोन महिने मला सोय वाटली. मग पाच महिने झाले, मग आठ. आईनं एक दिवस कॅलेंडर बघून स्वतःच विचारलं आणि आम्ही बारामतीला डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी मला रागावलं नाही. त्यांनी सांगितलं, शरीराला जेवढं जळतं त्यापेक्षा सतत कमी मिळालं की ते आधी ज्या गोष्टींवाचून आज भागतं त्या बंद करतं. पाळी त्यातली पहिली. मग हाडं ठिसूळ व्हायला लागतात, जखम भरायला वेळ लागतो, चिडचिड वाढते. याला आता नावही आहे, आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं २०१४ मध्ये दिलेलं, आणि पुरुष खेळाडूंनाही ते होतं. बाई म्हणाल्या, "तुझ्या शरीरानं काटकसर चालवलीय. दुष्काळात करतात तशी."

दुष्काळ म्हटल्यावर आईला सगळं समजलं.

* * *

त्या उन्हाळ्यात मी ४८ सोडला. ५० ला नवीन मुलगी होती, ५२ ला सीनियर होती. म्हणून मी एका सीझनमध्ये एकदम ५४ ला गेले. तीन गट ओलांडून. आमच्या शेडमध्ये त्याची बरीच चर्चा झाली. पहिल्याच स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरले. ५४ च्या मुलींचा ठोसा वेगळा असतो. ४८ मध्ये मी उंच होते, इथं मी मध्यम होते. ४८ मध्ये माझा जॅब पुरायचा, इथं समोरची त्यातून आत यायची. पण तिसऱ्या राउंडला माझे पाय चालत होते, हे मला रिंगमध्येच जाणवलं. आधी दुसऱ्या राउंडनंतर मला फक्त घंटेचा आवाज ऐकायचा असायचा.

हरून घरी आले तेव्हा आबा, म्हणजे माझे आजोबा, ओट्यावर बसले होते. आबा तरुणपणी जत्रांमधून कुस्त्या करायचे, आमच्या आणि माळशिरसच्या बाजूच्या गावांत. त्यांना गट हा प्रकार कळतच नाही. त्यांच्या मैदानात काटा नव्हता. दुपारी हलगी वाजायला लागायची, आधी रेवड्यांवर लहान पोरांच्या कुस्त्या, मग नारळावर, मग रुपयांवर चढत चढत शेवटची मोठी. जोड पंच लावायचे. दोघांना शेजारी उभं करायचं, खांद्याला खांदा, दंड चाचपायचे, कान बघायचे. आवडलं नाही तर पोरगा मान हलवायचा आणि बाजूला व्हायचा. बरोबरीची जोड लागली तर तिला म्हणायचे काटाजोड. मला गंमत वाटते. जिथं काटाच नव्हता तिथं सगळ्यात चांगल्या कुस्तीला नाव मात्र काट्याचं.

मी त्यांना म्हटलं, आबा, म्हणजे तुमच्यात न्याय जास्त होता. ते हसले. "कसला न्याय. पंचाचा भाचा आसला की त्याला हलकी जोड मिळायची."

आबांच्या तोंडी एक नाव कायम असतं, खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचे. शाळेच्या पुस्तकात त्यांच्यावर दोन ओळी असतात: स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, हेलसिंकी, १९५२, ब्राँझ. त्यांचा वाढदिवस, १५ जानेवारी, आता महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतात. पण वजनाची गोष्ट त्या दोन ओळींत येत नाही. १९४८ ला लंडनला खाशाबा गेले ते फ्लायवेटमध्ये, म्हणजे ५२ किलोत. मातीतला पैलवान, मॅटची सवय नाही, तरी सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला ते बँटमवेटमध्ये उतरले, ५७ किलोत. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या पैलवानांना हरवलं, जपानच्या इशीकडून आणि सोव्हिएत संघाच्या मामेदबेकोव्हकडून हरले आणि तिसरे आले. जायला पैसे नव्हते. गावानं वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले.

ही पैशांची गोष्ट सगळे सांगतात, सांगायलाच हवी. मला मात्र ते पाच किलो महत्त्वाचे वाटतात. बाविसाव्या वर्षी ५२, सव्विसाव्या वर्षी ५७. सहाव्या नंबरापर्यंत नेलेला गट त्यांनी धरून ठेवला नाही. वर गेले, जिथं समोरचे जड होते, आणि पदक तिथं मिळालं. मी हे आबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "त्यात काय. गडी वाढला, म्हणून वर गेला."

डॉक्टरीणबाई, आई आणि आबा, तिघांचं म्हणणं एकच निघालं.

* * *

वर जाण्याच्या गोष्टी ऐकायला छान वाटतात, पण त्यांच्यात एक मेख आहे. यूट्यूबवर मॅनी पॅकियाओचे व्हिडिओ तुम्ही बघितले असतील. फिलिपिन्सचा, गरिबीतून आलेला, आठ वजनगटांत जगज्जेता झालेला एकमेव बॉक्सर. १९९८ ला ११२ पौंडांत, म्हणजे जवळपास ५१ किलोत, पहिला किताब. २०१० ला अँटोनियो मार्गारिटोविरुद्ध १५४ पौंडांच्या, म्हणजे जवळपास ७० किलोच्या गटाचा किताब. ५१ वरून ७०! पण त्या लढतीच्या आदल्या दिवशीचं वजन बघा. मार्गारिटो १५० पौंड, पॅकियाओ १४४.६, म्हणजे साधारण साडेपासष्ट किलो. करारानंच १५० ची मर्यादा घातली होती. गट जेवढा वर गेला तेवढा माणूस गेला नव्हता. तो जड झाला म्हणून जिंकला नाही. त्याचा वेग त्यानं वर जाताना सोबत नेला, म्हणून जिंकला.

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये हे जमतं याचं कारण तिथला हिशोबच वेगळा आहे. सतरा गट, प्रत्येक गटात वेगवेगळ्या संस्थांचे किताब, वजन आदल्या दिवशी. दारं भरपूर आहेत आणि प्रत्येक दारापलीकडं पैसा आहे. आमच्याकडं दारं कमी आणि सकाळी काटा.

आणि वर गेलेल्याला खाली यायचं झालं तर? रॉय जोन्स ज्युनियर एकेकाळी मिडलवेटचा जगज्जेता. मार्च २००३ मध्ये तो थेट हेवीवेटला गेला आणि जॉन रुइझला हरवलं. त्याचं वजन १९३ पौंड, रुइझचं २२६. मिडलवेटच्या माजी विजेत्यानं हेवीवेटचा किताब जिंकला, असं शंभराहून जास्त वर्षांनी घडलं होतं. मग तो आपल्या जुन्या १७५ पौंडांच्या गटात परतला. नोव्हेंबरमध्ये अँटोनियो टार्व्हरविरुद्ध कसाबसा जिंकला. मे २००४ मध्ये त्याच टार्व्हरनं त्याला दुसऱ्या राउंडला झोपवलं. वर जाताना त्यानं स्नायू कमावले होते, खाली येताना तेच स्नायू जाळावे लागले. त्याचं वयही तेव्हा पस्तीस होतं, त्यामुळं सगळा दोष वजनाला देता येत नाही. तरी ती मॅच बघताना मला त्याच्या पायांकडंच बघावंसं वाटतं.

खाली येण्याची सगळ्यात वाईट आठवण मात्र आपलीच आहे. विनेश फोगाट रिओला ४८ मध्ये खेळली, टोकियोला ५३ मध्ये. पॅरिससाठी ५३ मधला भारताचा कोटा अंतिम पंघालनं २०२३ मध्येच मिळवला होता. विनेश ५० ला आली. ६ ऑगस्ट २०२४ ला तिनं तीन कुस्त्या जिंकल्या, त्यातली पहिली युई सुसाकीविरुद्ध. दुसऱ्या सकाळी काट्यानं १०० ग्रॅम जास्त दाखवले. त्या दिवशी आमच्या शेडमध्ये कुणी सराव केला नाही. बाहेरचे लोक म्हणत होते, शंभर ग्रॅम म्हणजे काय, थोडे केस कापायचे. आम्हाला माहीत होतं की शंभर ग्रॅम उरलेत म्हणजे बाकीचं सगळं आधीच संपलंय.

आणि एक गोष्ट शांतपणे घडलेली. राहुल आवारे, बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा. आमच्याकडं ऊस तोडायला टोळ्या येतात त्याच जिल्ह्यातला. २०१८ ला राष्ट्रकुलमध्ये ५७ किलोत सुवर्ण. २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ५७ ला रवी दहिया उतरला. त्यानं ब्राँझबरोबर ऑलिम्पिक कोटाही आणला आणि पुढं टोकियोत रौप्य. आवारे त्या स्पर्धेत ६१ किलोत खेळला. त्यालाही ब्राँझ मिळालं. पण ६१ हा ऑलिम्पिकचा गट नाही. एकाच स्पर्धेत, एकाच रंगाची दोन पदकं, चार किलोचा फरक. एका पदकातून टोकियोचा रस्ता निघाला. दुसरं स्वतःपुरतं पूर्ण होतं.

पूर्वी मला आवारेची गोष्ट दुःखाची वाटायची. आता तशी वाटत नाही. जागतिक पदक ते जागतिक पदकच.

* * *

हे सगळं आता लिहायचं कारण म्हणजे माझ्यासमोर एक फॉर्म आहे.

२०२५ पासून वर्ल्ड बॉक्सिंग या नव्या संघटनेचे गट लागू झाले. मुलींचे बाराचे दहा झाले. ५० आणि ५२ गेले, त्यांच्या जागी ५१ आला. ४८, ५४, ५७ आणि ६० राहिले. माझं खरं वजन आता साडेछप्पन्न आहे, पोटभर जेवून, पाळी नियमित येऊन. ५४ मध्ये माझ्या मागून आलेली एक मुलगी आहे, अठरा वर्षांची, आणि ती मला दोनदा हरवून बसलीय. तिला माझ्यासाठी थांबायला सांगणं मला जमणार नाही. म्हणजे ५४ गेला.

सर म्हणतात, ५१ कर. त्यांच्या हिशोबात चूक नाही. आमच्या भागातून ५१ ला या वर्षी कुणी तगडी नाही. निवड चाचणी जवळजवळ रिकामी आहे, पुढं राज्याचं पदक येऊ शकतं. आणि पदकाचा अर्थ आमच्या घरात सगळ्यांना कळतो. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या शेकडो मुली मी बारामतीच्या ग्राउंडवर रोज पळताना बघते. त्या गर्दीत एक प्रमाणपत्र काय करतं हे मला सांगायला नको. खाशाबासुद्धा पुढं पोलिसातच गेले, सब-इन्स्पेक्टर म्हणून. प्रमाणपत्रावर गट लिहिलेला असतो, पण तो गाठायला काय काय सोडलं ते नसतं.

५७ मध्ये मात्र राज्यात चांगल्या मुली आहेत. त्यातल्या एकीचा उजवा हात मी जवळून बघितलाय. तिथं मी पहिल्याच दिवशी हरू शकते, आणि मग ना पदक, ना प्रमाणपत्र, ना टक्के. मी बावीसची आहे. पप्पांचं दोन एकर रान आहे आणि धाकटा भाऊ अजून शिकतोय. आत्या दर दिवाळीला विचारते, नाक मोडायच्या आत लग्न करणारेस ना? ही चेष्टा आहे, पण दरवर्षी थोडी कमी चेष्टा होते.

पंधरा दिवस मी हिशोब करत होते. साडेछप्पन्नमधून एकावन्न काढा, साडेपाच राहतात. हे साडेपाच किलो मी आधी उतरवलेत, मला येतं. पण मला हेही माहीत आहे की ते कुठून निघतात. ते पोटावरून निघत नाहीत. ते तिसऱ्या राउंडमधून निघतात, झोपेतून निघतात, आईच्या बोलण्यातून निघतात, आणि कॅलेंडरवरच्या त्या आठ महिन्यांतून निघतात. ५१ ची जागा रिकामी आहे, हे खरं. पण ती माझ्या मापाची रिकामी नाही. तिच्यात बसायला मला आधी स्वतःला थोडं रिकामं करावं लागेल.

सरांना मी फोनवर सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सत्तावन्नला गार्ड वर ठेवावा लागंल. तुझा उजवा हात पडतो खाली." म्हणजे त्यांनी मान्य केलं. सर असंच मान्य करतात.

आईला सांगितलं तेव्हा तिनं एकच विचारलं, "त्यात खाता येतंय का?" मी हो म्हणाले. नोकरीचं काय, हे तिनं विचारलं नाही. पण तिच्या मनात होतं, आणि माझ्याही आहे. जिंकले तर प्रमाणपत्र येईल. हरले तर बाकीच्या पोरींबरोबर भरतीच्या रांगेत उभी राहीन, आणि तिथं निदान पळायला पाय असतील.

फॉर्म भरला. वजनगटाच्या चौकोनात ५७ लिहिलं. निवड चाचणी पुढच्या महिन्यात आहे. उद्या पहाटे कालव्यावर पळायचंय, आणि आल्यावर दोन भाकरी.